विट्याकडच्या भैरोबाची घंटा

मी मावशीला चुकीच्या डोंगरावर नेलं.

तेव्हा मी सांगलीच्या एका शाळेत भूगोल शिकवत होतो, हे आधीच सांगून टाकतो. पुढं कळल्यावर तुम्ही जास्त हसाल. एकाच नावाचे डोंगर आणि मुलूख हा तर माझा हुकमी धडा. आल्प्स युरोपात तसे न्यूझीलंडातही, जॉर्जिया अमेरिकेत तसा सोव्हिएत संघातही, असं मी फळ्यावर खडू आपटून सांगायचो.

मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, फौजेत होते. शेवटच्या रजेवर आले तेव्हा त्यांनी एक पितळी घंटा आणली होती. पुढच्या रजेत भैरोबाच्या डोंगरावर नेऊन बांधू म्हणाले. मग एकाहत्तरची लढाई झाली आणि पुढची रजा आलीच नाही. घंटा कोनाड्यात बसून राहिली. दोनेक वर्षांनी मावशी म्हणाली, "मला डोंगराव घिऊन चल."

मी शहाणपणानं म्हणालो, "आता कशाला दगदग, मावशे?"

"ह्येंनी द्येवासाठी आणलीया. घरात कशी ठिवू?"

डोंगर नक्की कुठला, ते तिला ठाऊक नव्हतं. "कोयनेकडं हाय म्हणं. वरनं नदी दिसती, आसं ह्ये सांगायचं."

"कोयनेकडं कुठला? भैरोबाचा डोंगर विट्याकडं," मी ठोकून दिलं. खरं तर आमच्या भागात टेकाडागणिक एक भैरोबा आहे. पण विट्याची यष्टी सोयीची होती, संध्याकाळी सांगलीत परतता आलं असतं.

चढताना मावशीनं घंटा पदराखाली धरली होती. देवापुढं जायच्या आधी वाजू नये म्हणून आत लुगड्याची चिंधी कोंबलेली. मला हात लावू दिला नाही. वर गुरवानं कुठले, काय करता, असं विचारत घंटा तुळईला बांधली. मावशीनं चिंधी काढली आणि एकदाच टोल दिला. तो विरेपर्यंत डोळे मिटून उभी राहिली. मग बाहेर येऊन चारी बाजूंना बघितलं.

"नदी कुठं हाय रं?"

खाली नुसता माळ, बाभळी आणि धुरळा.

"उन्हाळा आहे, मावशे. आटली असेल."

गुरव हसायला लागला. "नदी? हितं? आवं मास्तर, नदी पाटणकडच्या भैरोबावरनं दिसती, कोयनेकडं!"

मी घाईघाईनं घंटा सोडायला गेलो. त्यानं माझं मनगट धरलं. आता तो हसत नव्हता. "द्येवाला वाहिलेलं माघारी न्हेत न्हाईत, मास्तर. तुमाला कुनी शिकवलं न्हाई व्हय?"

"ऱ्हाऊ दे," मावशी म्हणाली.

उतरताना तिच्या मुठीत ती चिंधी होती. यष्टीत ती माझ्याशी बोलली नाही. रागावून चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं; तेवढीही सोय तिनं ठेवली नाही.

पुढच्या वर्षी आम्ही पाटणला गेलो. वाट या वेळी मी गावात तिघांना विचारून घेतली. वर पोचलो तर खाली खरंच नदी, उन्हात लखलखणारी. देवळाच्या तुळईला फौजेतल्या लोकांनी बांधलेल्या घंटांची रांग होती. मावशीनं एकेका घंटेवरनं हात फिरवला. वाजवली मात्र एकही नाही. मग कठड्यापाशी जाऊन नदीकडं बघत राहिली. "हितंच हुबं ऱ्हायलं आसत्याल," एवढं म्हणाली. मी तोंड फिरवून चपला शोधायचं सोंग केलं.

निघताना तिनं मोकळे हात देवापुढं जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "द्येवा, ह्येंची घंटा विट्याकडं तुझ्या भावापाशी हाय. मागवून घे. पर ह्या गाढवाला धाडू नगं. त्यो तिसऱ्याच डोंगराव जाईल."