बोटं आखडली तेव्हा

आमचं गाव लातूरकडचं. लग्नानंतर नवऱ्याला चाकणच्या एका कंपनीत काम लागलं आणि आम्ही कुरुळीत भाड्याच्या खोलीत आलो. धाकटा शाळेत जायला लागल्यावर मीही गाड्यांच्या वायरिंगच्या कंपनीत लागले. दिवसभर रंगीत वायरी बारीक खाचांत बसवायच्या. माझा हात चलाख होता.

सोरायसिस त्याच्याही आधीपासूनचा. कोपरांवर पांढरे पापुद्रे निघायचे, ते लांब बाह्यांखाली झाकता यायचे. डोक्याचं मात्र अवघड होतं. विंचरलं की खांद्यावर भुसा पडल्यासारखं व्हायचं. म्हणून मी मोरीचं दार लावून केस विंचरायचे आणि खाली पडलेलं लगेच धुऊन टाकायचे. नवऱ्याला कोपरं माहीत होती, पण डोकं मी त्याला कधी दाखवलं नव्हतं.

मग एका हिवाळ्यात उजव्या हाताचं मधलं बोट सुजलं, अगदी मुळापासून टोकापर्यंत. कामानं झालं असेल म्हणून बाम चोळला. पाठोपाठ डाव्या हाताची बोटं सुजली, टाच धरली. सकाळी उठल्यावर मूठ वळायची नाही. कणीक मळताना डोळ्यांत पाणी यायचं. हाडांच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या संपल्या की पुन्हा तेच. आमच्या घरमालकीण कुरुळीतल्याच, जुन्या शेतकरी घरातल्या. त्यांना मी मावशी म्हणते. त्या म्हणाल्या, "वात हाय गं ह्यो. तेल लाव." तेलही लावून पाहिलं.

एकदा सकाळच्या शिफ्टला निघायचं होतं आणि मोरीत मला वेणीच घालता येईना. कंगवा हातात ठरत नव्हता. शेवटी नवऱ्यानं दारावर थाप मारली.

"बस येईल ना. काय झालं?"

मी दार उघडलं. केस मोकळे, खांद्यावर सगळा कोंडा. त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि खाली पडलेला कंगवा उचलला.

"बस खाली."

"नको. घाण आहे."

"कशाची घाण? बस म्हणलं ना."

तो माझ्यामागं पाटावर बसला. कंपनीत पत्रे उचलून उचलून त्याचे हात खरबरीत झालेले. वाटलं, आता केस ओढले जाणार. पण कंगवा इतका हळू फिरायला लागला की मला रडूच आलं.

"दुखलं का?"

"नाही."

"मग?"

मी ओढणीनं डोळे पुसले. त्यानं तीन पेड पाडून वेणी घालायला घेतली. वेणी एका अंगाला गेली होती आणि बस तर केव्हाच निघून गेली होती. त्यानं मला गाडीवरून कंपनीच्या गेटपर्यंत सोडलं. पुढं कितीतरी दिवस माझी वेणी तोच घालायचा. त्याची रात्रपाळी असली की मावशी घालायच्या.

त्याच सुमारास मलम संपलं म्हणून पिंपरीतल्या त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. नवरा सोबत होता. डॉक्टरबाई कोपरं पाहता पाहता माझ्या नखांकडे वळल्या. नखांवर सुईनं टोचल्यासारखे बारीक खड्डे होते. मी ते कधी मनावरच घेतले नव्हते.

"सकाळी बोटं आखडतात का? टाच दुखते?"

मी चकित झाले. बोटांचं मी त्यांना काही सांगितलंच नव्हतं. कातडीचं दुखणं वेगळं आणि हाडाचं वेगळं, असंच मी धरून चालले होते.

"बहुतेक दुखणं एकच आहे," त्या म्हणाल्या. "सोरायसिस सांध्यांनाही धरतो. आणखी उशीर करू नका." त्यांनी सांध्यांच्या डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठी दिली.

"मुलांना हात लावला तर चालतं ना?" मी विचारलं.

"अहो, लावा की. हात लावून हा कुणालाच होत नाही."

घरी आल्यावर मी मावशींनाही हे सगळं सांगितलं. सांध्यांच्या डॉक्टरांनी तपासण्या करून तेच निदान केलं. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी सुरू झाली, मधूनमधून रक्त तपासायला द्यायचं. गोळीच्या दुसऱ्या दिवशी मळमळायचं, अन्नाचा वासही नको वाटायचा. किती महिने फरकच दिसेना. मग हळूहळू सूज उतरली. एके दिवशी भाकरी थापताना लक्षात आलं की आपले दोन्ही हात चालतायत. मधलं बोट तेवढं थोडं वाकडं राहिलं. कंपनीत सुपरवायझरनं मला वायरी तपासायच्या टेबलावर घेतलं. तिथं डोळ्यांचं काम जास्त.

यंदा मावशींच्या मुलीचं लग्न झालं. चुडा भरायला कासारीण आली, तेव्हा मी मागं सरकले. बोटं सुजल्यापासून मी बांगड्याच घातल्या नव्हत्या. मावशींनी दंडाला धरून मला पुढं बसवलं. कासारणीनं माझी बाही वर सारली, कोपर पाहिलं आणि थबकली.

"न्हाई लागत कुणाला," मावशी म्हणाल्या. "भर तू."

कासारणीनं माझा हात मांडीवर घेतला आणि पेरं चाचपली. "ह्ये दुखतंय का?"

"दाबलं की थोडं."

"मग मोठं माप घेऊ." तिनं एकेक बांगडी सावकाश चढवली, वाकड्या बोटापाशी जरा थांबत. हिरव्या बांगड्या मनगटावर आल्या, सैल, पण खळखळत. मावशींनी माझा हात हातात घेऊन उजेडात धरला.

"किती दिसांनी भरला हात," त्या म्हणाल्या, आणि मग बराच वेळ त्यांनी तो सोडला नाही.