मन नदीपल्याड गेलेला आवाज

देवमन तायडे चालता चालता थांबायचा आणि कुठं बघतोय हे कुणाला कळायचं नाही. बाळापूरजवळ, मन नदीच्या काठी त्याचं गाव. बाप लहानपणीच गेला होता, माय चतुराबाई कापसाच्या वेचणीला जायची आणि हा शेताच्या बांधावर, धुऱ्यावर बसून तिचं गाणं ऐकायचा. ऐकता ऐकता डोळे मिटायचा. पोराचं कसं व्हायचं, ही चतुराबाईची काळजी. शेवटी अकोल्यात खुशालराव नावाच्या माणसाच्या बॅटरी चार्जिंगच्या दुकानात त्याला लावून दिलं.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला लागून फळ्या आणि फळ्यांवर लॉऱ्यांच्या, रेडिओच्या, लाउडस्पीकरच्या बॅटऱ्या ओळीनं बसलेल्या. चार्जिंग चालू असलं की आतल्या तेजाबातून बारीक बुडबुड ऐकू यायची. देवमनला ती फार आवडायची. ओढ्याकाठी बसल्यासारखं वाटतं, असं तो म्हणायचा. अशाच तंद्रीत एकदा त्याच्या हातातला पाना बॅटरीच्या दोन टोकांवर आडवा पडला. ठिणगी उडाली, वर साचलेल्या वायूनं पेट घेतला, बॅटरीचं झाकण फुटलं आणि तेजाब त्याच्या गालावर आलं. खुशालरावांनी त्याचं डोकं धरून हौदात बुडवलं म्हणून डोळा वाचला. गालावर मात्र पिंपळाच्या पानाएवढा डाग राहिला. तेव्हापासून बॅटरीजवळ गेलं की देवमन पुरता जागा असायचा. स्वप्नं बघायची ती फळीपासून चार हात लांब, असं त्यानं स्वतःलाच बजावून ठेवलं होतं.

छप्पन साली वस्तीनं धम्म घेतला आणि पुढच्या हिवाळ्यात वस्तीतल्या लोकांनी आपल्या हातांनी लहानसं विहार बांधलं. विटा त्यांच्याच, गारा त्यांचाच. ते उघडायच्या दिवशी भोंगा लावायचा, असं ठरलं. गावात तेव्हा वीज नव्हती. देवमननं खुशालरावांकडून आवाज मोठा करायचं मशीन, माईक, भोंगा आणि दोन बॅटऱ्या मागून आणल्या. मशीन बारा व्होल्टचं, बॅटरी एकेक सहाची. दोन जोडल्या तरच आवाज निघणार. बाळापूरहून बैलगाडीनं येताना चाक दगडावरून उतरलं आणि एक बॅटरी कलंडून तिची कड फुटली. तेजाब गाडीतल्या कडब्यात जिरून गेलं.

विहारापुढं माणसं जमली होती. दूरच्या गावांहून पाहुणे आले होते. देवमन ती फुटकी बॅटरी मांडीशी घेऊन बसला. अकोल्याला जाऊन यायला वेळ उरला नव्हता. तेवढ्यात त्याला शेजारच्या वामनरावांच्या कोठ्यापुढं उभी असलेली लॉरी दिसली. ती कापूस न्यायला आली होती. वामनराव म्हणाले, कापसाचे बोंद्रे भरायला संध्याकाळ होते, गाडी कुठं जात नाही, डायव्हरला विचार. डायव्हर मोतीराम चाकाच्या सावलीत आडवा पडला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, गाडी आपली हँडल मारून चालू होते, बॅटरी सहाचीच आहे, घे. फक्त त्याला एक कळेना.

"पण काढतं काहून? गाडी तिकडंच आणतो. वायर ओढून घे अन् मशीन मागच्या फाळक्यावर ठेव."

"काढाच लागते भाऊ," देवमन म्हणाला. "गाडीचं सारं लोखंड बॅटरीच्या एका टोकाले बांधलेलं असते. माह्या मशीनचा डब्बाबी तसाच बांधलेला हाये. एकट्या बॅटरीले काही होत नाही. पण दोन जोडल्या अन् डब्बा फाळक्याले टेकला, तर माही बॅटरी जागच्या जागी जळते. अन् इथं तं लेकरंबाळं बसून हायेत."

मोतीरामनं मग स्वतःच पाना आणला. बॅटरी खाली उतरवली. देवमननं काचेच्या नळीत दोन्हींचं तेजाब ओढून पाहिलं. आतली कांडी दोन्हीकडं जवळपास सारखीच तरंगली, तेव्हा त्याच्या जिवात जीव आला. एक भरलेली आणि एक रिकामी अशी जोडी असती, तर रिकामी मध्येच मान टाकून खराब झाली असती. कोरड्या फळीवर दोघींना शेजारी ठेवलं. बिड्या विझवायला सांगितल्या. एकीचं अधिक दुसरीच्या उण्याला जोडलं, उरलेली दोन टोकं मशीनकडं नेली आणि बटण अगदी शेवटी दाबलं. भोंगा खाकरला.

वंदना झाली, भाषणं झाली. मग देवमननं मायला पुढं बोलावलं. चतुराबाई पदर तोंडाशी धरून नको नको म्हणत होती. बायांनी तिला ढकललं. तिनं माईककडं पाहिलंच नाही, दूर शेताकडं पाहिलं आणि म्हणायला लागली.

*काळ्या काळ्या मातीमंदी कोनं पेरलं चांदनं,*
*वेचू वेचू वो मायबाई, भरलं मनाचं आंगन.*

आवाज भोंग्यातून निघाला आणि वस्तीवरून, कोठ्यावरून, वामनरावांच्या पांढऱ्या शेतावरून सावकाश गेला. वेचणाऱ्या बायांचे हात थांबले. नदीत म्हशी धूत असलेला माणूस वर बघायला लागला. आवाज पाण्यावर जरा रेंगाळला आणि पल्याड गेला. दुपारचं ऊन कोवळं होतं. देवमनला वाटलं, आपण धुऱ्यावर बसलोय, लहान आहोत आणि आभाळच गातंय. तो बॅटऱ्यांपासून चार हात लांब सरकला आणि त्यानं डोळे मिटले.

नदीपल्याड, दुसऱ्या गावच्या शेतात पंचफुला नावाची मुलगी कापूस वेचत होती. हे गाणं कुणाचं, म्हणून ती आठ-दहा दिवस विचारत राहिली. आपल्याच समाजातल्या बाईचं आहे, तिचा लेक अकोल्यात कामाला आहे आणि त्याचं लग्न व्हायचंय, एवढं कळल्यावर तिनं घरी सांगितलं. तिचे वडील देवराव बघायला आले आणि देवमनच्या गालाचा डाग पाहून परत फिरले. घरी गेल्यावर त्यांनी पोरीला डागाचं स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, डाग ऐकू येत नाही.

लग्नानंतर एकदा देवमननं तिला विचारलं, तू मला न बघताच हो कसं म्हणालीस.

"मी तुमच्या घरी नाही आली," ती म्हणाली. "मी त्या आवाजाच्या घरी आली."

देवमन यावर खूप दिवस हसत होता.

पुढं त्याला अमरावतीला सरकारी नोकरी लागली. गावोगावच्या पंचायतींना मिळालेल्या रेडिओंच्या बॅटऱ्या बदलत तो जीपनं हिंडायचा. चतुराबाई शेवटची काही वर्षं त्यांच्याजवळ अमरावतीतच राहिली आणि सुनेच्या हातचं पाणी पिऊन शांतपणे गेली. त्यानंतर पंचफुला बरेच दिवस बोलेनाशी झाली. तेव्हा साहेबांना विचारून देवमन तिला आपल्यासोबत मेळघाटात घेऊन गेला.

सेमाडोहला पोचले तेव्हा दुपार होती. देवमननं पंचायतीच्या ओसरीत रेडिओची बॅटरी बदलली. अंगणात कोरकू बाया येऊन बसल्या. रेडिओवर कुणी तरी सनई वाजवत होतं, मध्येच खरखर यायची आणि सागाची पानं हलली की खरखर कोणती आणि पानं कोणती, हे कळायचं नाही. पंचफुला मोहाच्या झाडाला टेकून बसली होती. बघता बघता तिला झोप लागली. चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा झालेला. जीपच्या डायव्हरनं निघायची खूण केली, पुढचं गाव अजून लांब होतं. देवमननं हातानंच त्याला थांबवलं आणि तो तिच्या शेजारी, आवाज न करता, खाली बसला.