सात जणांचं टेबल

आमच्याकडे जेवायला बोलवण्याच्या दोनच रीती. एक 'घरटी एक', म्हणजे प्रत्येक घरातून एका माणसानं यायचं. दुसरी 'चूलबंद', म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटवायचीच नाही, झाडून सगळ्यांनी आमच्याकडे जेवायचं. नक्की किती येणार, हे कोणी विचारत नाही. विचारलं तर लोक म्हणतील, भाकरी मोजतात. त्यामुळे हॉटेलच्या माणसानं फोनवर "किती जण, मॅडम?" असं विचारलं तेव्हा मी क्षणभर गांगरलेच. मग बोटांवर मोजलं. भाऊ, वहिनी, त्यांचा मुलगा, सून, दोन नातवंडं आणि मी. सात.

हॉटेल होतं तापीकाठच्या नव्या पार्कमधलं. पाण्याच्या घसरगुंड्या, सिमेंटचे हत्ती आणि मधोमध एक खोटं खेडं. सारवल्यासारखा रंग दिलेल्या भिंती, बैलांवाचून उभी बैलगाडी, कधीच न पेटलेली चूल. खरी खेडी सोडून लोक हे बघायला का जातात, देव जाणे. पण नातवंडांना घसरगुंडी हवी होती आणि मला सगळे एका टेबलाभोवती हवे होते. सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा भरली होती, त्यामुळे रविवारी तिथे उभं राहायला जागा नसणार होती. आधी फोन करून टेबल सांगून ठेवावं लागतं.

मला भावाला एक गोष्ट सांगायची होती. मी लग्न केलं नाही. नोकरीभर कळसाडीहून शहाद्याला एसटीनं ये-जा केली, संध्याकाळी भावाच्या घरी परतले. निवृत्त झाले आणि शहाद्यात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. नोकरी होती तेव्हा नाही, आणि आता हे काय खूळ, असं सगळ्यांनी म्हणून घेतलं. भावाला मी सांगितलं होतं, थोडे दिवस राहून बघते, यात्रेपर्यंत परत येते. आता यात्रा आली होती आणि मला परत जायचं नव्हतं. हे फोनवर सांगायची छाती नव्हती, घरी जाऊन सांगायची तर त्याहून नव्हती. भाऊ चारचौघांत आवाज चढवत नाही, म्हणून हॉटेल.

आधी सून गळाली. तिच्या माहेरी, खापरला, काही कार्य निघालं, मुलं तिच्याबरोबर गेली. मी फोन करून सातांचे चार केले. "शनिवार संध्याकाळपर्यंत आकडा बदलता येईल, मॅडम. पुढे नाही," हॉटेलचा माणूस म्हणाला.

शनिवारी दुपारी भावाचा फोन आला. "बाई, टोळी उनी."

टोळी आली. ऊस लावणाऱ्या घरात या दोन शब्दांपुढे काही बोलायचं नसतं. कारखान्याची तोड मिळावी म्हणून माणसं महिनोन्महिने वाट बघतात. तोडणीची टोळी एकदा शेतात उभी राहिली की घरातलं माणूस हलत नाही. म्हणजे भाऊ गळाला, त्याचा मुलगाही गळाला. मी वहिनीला फोन द्यायला सांगितलं आणि विचारलं, "तुम्ही तरी येणार ना?"

"येसू ना ताई, कशी नही येनार!"

मी लगेच हॉटेलला कळवलं, दोन जण. आणि इथे मी फसले. आमच्याकडे जेवणाला कोणी तोंडावर नाही म्हणत नाही. 'येऊ ना' याचा अर्थ इतकाच, की तुमचं बोलणं आमच्या कानावर पडलं. जन्मभर मीही असंच 'येऊ ना' म्हणत आले आणि घरी बसले. तरी वहिनीचा शब्द मी आकड्यात धरला. टोळी शेतात असताना त्या निघतीलच कशा? दिवेलागणीला त्यांचा निरोप आला, जमत नाही.

घाईघाईनं पुन्हा फोन लावला. आता तो माणूस माझा आवाज ओळखायला लागला होता. "एकच?" तो म्हणाला आणि थांबला. "रविवारी एकासाठी टेबल धरून ठेवत नाही, मॅडम. दोनच राहू द्या, आल्यावर बघू."

आल्यावर बघू! झोप उडवायला एवढं पुरे होतं. त्यांनी दारातून परत पाठवलं तर? ओळखीचं कोणी भेटलं तर काय सांगायचं? बाईमाणूस एकटं हॉटेलात जेवतंय, म्हणजे घरात भांडण झालं असणार, असंच लोक धरतात. न जाणं सोपं होतं. पण खोल्या घेतल्या त्या दिवशी भाऊ म्हणाला होता, "एकलीले घास तरी उतरी का?" आणि खरं सांगायचं तर उतरत नव्हता. ओट्याशी उभ्यानंच दोन घास पोटात ढकलायचे, टीव्ही मोठ्यानं लावून, असं माझं चाललं होतं. भाऊ बरोबर होता की काय, ही खरी भीती होती. उद्या मी गेले नाही तर तो बरोबर ठरणार होता, आणि मग सोमवारी सामान बांधून कळसाडीला जाण्यावाचून माझ्याकडे बोलायला काही उरणार नव्हतं.

गेले. चांगली साडी नेसून, पर्स छातीशी धरून गेले. काउंटरवरच्या माणसानं माझ्या मागे पाहिलं. "बाकीचे?"

"मागून येताहेत," मी म्हणाले. मागून सिमेंटच्या हत्तीशिवाय कोणी येत नव्हतं.

मला चार खुर्च्यांचं टेबल मिळालं. बसले आणि लगेच वाटलं, सगळं हॉटेल माझ्याकडेच बघतंय. खरं तर ज्याला त्याला आपल्या ताटाची पडली होती. शेजारी मोठं कुटुंब आलं, खुर्च्या कमी पडल्या. त्यांच्यातली एक बाई आली. "इथे कोनी येनार शे का?" मी एक खुर्ची दिली. थोड्या वेळानं ती परत आली, दुसरी दिली. तिसऱ्यांदा आली तेव्हा मात्र समोरच्या खुर्चीवर मी हात ठेवला आणि म्हणाले, "इथे येताहेत." ती 'बरं' म्हणून गेली. मी त्या खुर्चीवर पर्स ठेवली, कोणी नुकतंच उठून गेलंय असं वाटावं म्हणून. मग वांग्याचं भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि तेलाचा लाल तवंग आलेली शेवभाजी ताटात आली, आणि तेवढ्यात फोन वाजला.

भाऊ होता. मागे ट्रॅक्टरचा आवाज. "कोठे शे तू?"

"हॉटेलमा."

"संगे कोन शे?"

पर्स ठेवलेल्या खुर्चीकडे मी पाहिलं. शेजारीण, मैत्रीण, कोणीही चाललं असतं. त्याला काय दिसणार होतं! "कोनी नही," मी म्हणाले. "एकलीच जेवी ऱ्हायनू."

"एकली? थांब. मी गाडी काढस, आते येस."

तो आला असता. टोळी टाकून, अंगावर उसाची कुसळं घेऊन आला असता आणि समोर बसून मला जेवू घातलं असतं. माझा भाऊ तसाच आहे. आणि म्हणूनच कळलं की तो आला तर मी संपले.

"नको येऊ, भाऊ. जेवीसन मी मन्ह घर जास. गावले नही. आते नही, यात्रा सरनी तरी नही."

माझं घर म्हणजे शहाद्याच्या दोन खोल्या, हे मी त्याला पहिल्यांदाच म्हणाले. मग त्याचा आवाज, मला नव्हे, बाजूला कोणाला तरी: "एकलीच जेवी ऱ्हायनी ती. आनि येत नही म्हनस." फोन ह्या हातातून त्या हातात गेल्याची खरखर झाली. वहिनी होत्या, त्याही शेतातच. त्या घरात येऊन त्यांना चाळीसएक वर्षं झाली असतील. सगळ्यांचं झालं की मग खाली बसायचं, टोपल्यातली उरलेली भाकरी गार वरणात कुस्करायची. मी शेजारी बसून ते रोज पाहिलंय. आता त्या समजावणार, रडणार, असं वाटून मी डोळे मिटले.

"ताई," त्यांनी हळूच विचारलं, "भाकर गरम शे का?"

मी ताटाला हात लावला. "गरम शे."

"मंग पहिले जेवी ल्या. फोन ठेवा."

शेजारच्या टेबलावरची बाई पुन्हा खुर्चीसाठी आली होती. मी पर्स मांडीवर घेतली आणि म्हणाले, न्या.