बाटला भरलाय का?

मामाच्या ॲम्ब्युलन्सच्या पूजेला मी नारळ फोडला तो नेमका हेडलाइटवर. खाली ठेवलेल्या दगडावर फोडायचा, एवढी साधी गोष्ट. पण चारचौघांसमोर हात उचलला की माझा नेम माझा राहत नाही. काच तडकली, सगळे हसले. मामा मात्र स्ट्रेचरकडे धावला, गादीवर पाणी उडालं की काय ते बघायला. "भाचेबुवा, काच बदलता येते. गादीला डाग पडला तर काय करू?"

मामा असाच. दापोड्यातली जमीन गोदामांना भाड्याने गेली आणि घरात नव्या वस्तू आल्या, पण एकीचंही प्लॅस्टिक निघालं नाही. त्याच्या सोफ्यावरून उठताना असा काही आवाज व्हायचा की पाहुणे पुन्हा बसायला धजत नसत. मामी म्हणायची, "मलाबी पिशवीतच ठेवायची होती, जरा टिकली असती!"

तेव्हा एक फोन केला की गाडी दारात, असे दिवस नव्हते. गोदामात कुणी जखमी झाला तर टेम्पोत घालून ठाण्याला न्यायचे. "आपल्या गावात ऑक्सिजनची गाडी पायजे," म्हणत मामाने ती वडिलांच्या नावाने घेतली. दसऱ्याला ऑक्सिजनच्या बाटल्याला झेंडूचा हार. मास्क पाकिटात, गादी प्लॅस्टिकमध्ये. काढायचं म्हटलं की मामाचं ठरलेलं उत्तर, "नवा हाय तवर र्‍हाऊ दे."

मग एका दुपारी मामाच्याच गोदामात कापडाच्या गाठींची थप्पी कोसळली आणि इस्माईल खाली सापडला. हा तिथला हमाल; मामाला रोज 'सेठ' म्हणायचा आणि "सेठ नको बोलूस रं" हे रोज ऐकून घ्यायचा. छाती चेपली होती. गाडी मामाने चालवली, मागे मी. मास्कचं पाकीट मी दातांनी फाडलं, बाटल्याची चावी फिरवली, मास्क त्याच्या तोंडावर दाबून धरला.

"साँस नहीं आ रही," तो म्हणाला.

"आएगी, आएगी."

मामा पुढून ओरडला, "हवा चालू हाय ना रं?"

"चालू आहे, मामा!"

कशेळीच्या पुलावर गाड्या तुंबल्या होत्या. सायरनमध्ये बाटल्याचा आवाज येतोय की नाही, हे मी ऐकलंच नाही. ठाण्याला पोचेपर्यंत इस्माईल गेला होता. डॉक्टरांनी बाटल्याचा काटा बघितला आणि म्हणाले, "हा कधी भरलाच नाही का तुम्ही?"

नवा बाटला रिकामा येतो, तो भरून घ्यावा लागतो, हे आम्हा कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. भरलेला असता तर तो वाचला असता का, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. मामाने तिथेच, हॉस्पिटलच्या आवारात, नखांनी ओरबाडून गादीचं प्लॅस्टिक काढलं.

पुढे त्याने बाटला भरून घेतला, गावातल्या दोघांना हॉस्पिटलात पाठवून शिकवून आणलं. आणि एक खोड लागली. अंजूर असो की पडघा, कुठे ॲम्ब्युलन्सची पूजा असली की आमंत्रण नसताना हा हजर! नारळ फुटायच्या आत विचारायचा, "बाटला भरलाय का?" लोक हसले की माइक ओढून घ्यायचा. "हसू नका. आमच्या इस्माईलला आम्ही रिकामा बाटला लावला. तुमचा बघून घ्या."

मी मागून सदरा ओढायचो. "मामा, पुरे आता."

"लाज वाटते तर बाहेर उभा र्‍हा."

मी खरंच बाहेर जाऊन उभा राहायचो. तो नेहमी 'आम्ही' म्हणायचा. मास्क कुणी धरला होता, हे त्याने एकदाही कुणाला सांगितलं नाही.

मामा गेला तेव्हा शोकसभेत बोलायला मलाच उभं केलं. मी छान बोललो. मामाला देवदूत म्हटलं. 'एका दुर्दैवी अपघाताने त्यांच्या आयुष्याला दिशा मिळाली' असंही म्हटलं. बायकांनी पदर डोळ्यांना लावले, कुणीतरी पाठ थोपटली.

घरी आल्यावर बायको पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवत म्हणाली, "इस्माईलचं नाव नाही घेतलंत."