बोलत नाहीस म्हणजे कबूल

आमच्या घरी भांडणाचा एकच नियम होता आणि तो मीच केला होता. नवरा गप्प बसला की मी म्हणायची, "बोलत नाहीस म्हणजे कबूल आहे." मग तो उठून चहा टाकायचा आणि विषय संपायचा. तापट आहे मी, नाही कशाला म्हणू?

त्या वर्षी नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या आमच्या मंडळाची गणपतीची वर्गणी त्याच्या स्वतःच्या खात्यात जमा झाली. आपलीच माणसं, मंडळाचं वेगळं खातं कशाला, असं सगळ्यांचंच मत. पुढे टॅक्स ऑफिसची निळी पाकिटं आली. हे पैसे कुठले? दोनदा विचारलं, यानं दोन्हीदा उत्तर दिलं नाही. मग त्यांनी ती लपवलेली कमाई धरली. हा ब्रेडा शहरातल्या कोर्टात गेला खरा, पण अर्जाला एकही कागद जोडला नाही. कोर्टानं न बोलावताच निकाल दिला: विचारलेलं सांगितलं नाही, म्हणून ऑफिसचं म्हणणं ग्राह्य.

पैसे भरले असते हो, मेले. पण 'लपवले' हा शब्द कायमचा त्याच्या नावावर बसणार होता.

"लपवलेस ना?" मी ओरडले. तो गप्प. "म्हणजे खरंय!" त्या दिवशी त्यानं चहा टाकला नाही.

निकालावर सहा आठवड्यांत हरकत घेता येते, निदान आमचं ऐकून तरी घ्या म्हणून. ती त्यानं एकट्यानं लिहिली. ब्रेडाला मी सोबत गेले, तीही धुसफुसतच.

न्यायाधीश बाईंनी विचारलं, उत्तरं का दिली नाहीत? तो मोडक्या डचमध्ये म्हणाला, "लोकांनी देवासाठी दिलेले पैसे होते. त्यांची नावं दिली असती तर त्यांच्या दारात पाकिटं गेली असती."

"घरी तरी सांगितलंत?"

"घरी कुणी विचारलं नाही."

अगं बाई! मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. खरंच मी कधी विचारलं नव्हतं. मी नुसते निकाल दिले होते.

पुढे पत्र आलं, पूर्ण सुनावणी मिळाली. पण त्या दिवशी तेही माहीत नव्हतं. ब्रेडाच्या फलाटावर मी म्हटलं, "काय झालं होतं रे? सगळं सांग मला."

तो गप्प. तेच जुनं वाक्य माझ्या ओठांवर आलं. मी ते गिळलं आणि त्याच्या शेजारी बसून राहिले. आमची गाडी आली, गेली. मग तो बोलायला लागला.