अक्कांची पश्चिमेची खिडकी

चिन्मय, अदिती,

मोठी आजी कशाने गेली, असं तुम्ही महिन्यापूर्वी फोनवर विचारलंत. ‘दम्याने’ एवढंच सांगून मी फोन ठेवला. ते खोटं नव्हतं, पण पुरतंही नव्हतं. तुम्ही दिवाळीत जालन्याला येणार म्हणून तुमचे बाबा पश्चिमेच्या खोलीत एसी बसवू म्हणतात. त्या खोलीत झोपण्याआधी ती कशी झाली हे तुम्हाला ठाऊक असावं.

अक्का, म्हणजे तुमची मोठी आजी, माझ्या थोरल्या जाऊबाई. ऐन तारुण्यात विधवा झालेल्या. मी शाळेत इंग्रजी शिकवायला जायची, तुमच्या बाबांना त्यांनीच वाढवलं. त्यांच्या खोलीचं दार पूर्वेला अंगणात आणि खिडकी पश्चिमेच्या बोळात. आमच्या गल्लीत तेव्हा दोन घरांमध्ये पाच हातांचा बोळ मोकळा असायचाच. उन्हाळ्यात दुपार कलली की अक्का बोळात दोन बादल्या पाणी शिंपडायच्या आणि खिडकीत कापसाचा पुंजका धरून उभ्या राहायच्या. वाऱ्याने कापूस आतल्या बाजूला लवला की घरभर हाक, “आला गं, आला!” मग आम्ही सगळे त्यांच्या खोलीत जाऊन बसायचो.

नव्वदच्या आसपास बाबा बारावीत गेले. त्यांना अभ्यासाला जागा हवी होती. शेजाऱ्यांशी बोलून मी बोळातच खोली बांधायचं ठरवलं, आलेखाच्या कागदावर नकाशा काढला. अक्कांची खिडकी बुजणार होती. बदल्यात अंगणाकडे, दाराशेजारी, दुप्पट मोठी खिडकी. अक्कांनी कागद उलटसुलट पाहिला.

“दार बी तिकडंच, खिडकी बी तिकडंच? वाऱ्याला येयाला वाट लागती तशी जायाला बी लागती की.”

“अक्का, मी नीट मोजलंय.”

“मंग वाऱ्याला बी दाखवा तुमचा कागद, मास्तरीणबाई!”

सगळे हसले... मीही. “बांधा,” त्याच म्हणाल्या, “पोराचा अभ्यास होत असंल तर बांधा.”

नव्या खिडकीत कापूस हलला नाही. अक्कांनी तो दोन दुपारी धरून पाहिला, नंतर कधीच नाही, आणि मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. आमचं पाहून गल्लीतल्या इतरांनीही आपापले बोळ बुजवले, मग मजले चढले. अक्कांचा दमा वाढत गेला. उन्हाळ्यात त्या खाट ओढत कधी अंगणात नेत, कधी ओसरीवर, कधी थेट पुढच्या दाराशी. मी पंखा लावला की म्हणत, “तीच हवा घुसळतो तो.”

यंदा वैशाखात त्यांना खाटही ओढवेना. एका दुपारी लाइट गेली होती. उशीला टेकून बसल्या बसल्या त्या म्हणाल्या, “खिडकी उघडा की जरा.”

“उघडीच आहे, अक्का.”

त्या पश्चिमेच्या भिंतीकडे बघत होत्या... दिवेलागणीला गेल्या.

तेराव्यानंतर मी गवंड्याला बोलावलं. म्हटलं, पाड ही खोली. त्याने बाहेरून फिरून पाहिलं. “पाडून काय फायदा, बाई? पलीकडं तीन मजले उभे झालेत. वारा येणार कुठून?” अजून दुपारी खाट ओढल्याचा आवाज येतो. मी उठून पाहते. खाट जागेवरच असते.

त्या खोलीत शिकून बाबा परदेशी गेले, म्हणून तुम्ही तिथे आहात. खोली राहील. तिच्या भिंतीला, अक्कांच्या बाजूने, खिडकीच्या जागी एक कोनाडा उरला आहे. त्यात त्यांचा चष्मा, फणी आणि दम्याच्या औषधाची अर्धी बाटली आहे.