काकांचं ग्राफिक्स कार्ड

घाटकोपरच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात मी माऊस घ्यायला गेलो होतो. शेजारी साठीतले एक काका उजवा पाय सैल सोडून काउंटरला टेकले होते. गेमिंगचा कॉम्प्युटर ते स्वतःसाठीच जुळवून घेत होते.

"रंगीत दिवे नकोत, प्रोसेसर साधा चालेल, पण ग्राफिक्स कार्ड चांगलं दे. पडद्यावरची झाडं अडखळत सरकली की रस्ता खोटा वाटतो."

"कुठला गेम खेळणार, काका?" दुकानदाराने विचारलं.

"बसचा. आयुष्यभर कोकणात रात्रीची बस नेली. आता हा पाय ब्रेकवर बसत नाही. यात ब्रेक बोटाने लागतो ना?"

दुकानदाराने चांगलं कार्ड असलेल्या कॉम्प्युटरवर गेम लावून दिला. पडद्यावर धुक्यातला घाट उलगडत गेला. वळण येण्याआधीच काकांचा खांदा कलत होता. बघता बघता मलाही बाहेरचे हॉर्न दूरच्या कुठल्या गावातले वाटू लागले.

"फास्ट घ्या ना काका, रस्ता मोकळा आहे!" दुकानदार म्हणाला.

काकांची नजर हलली नाही. "हळू बोल रे," ते कुजबुजले, "मागे माणसं झोपलीत."

दुकानदाराने मुकाट्याने दुकानातली गाणी बंद केली आणि दारात आलेल्या गिऱ्हाइकाला हातानेच थांबायची खूण केली.